चालण्याची किंमत

हृदयविकाराचा धोका असलेल्या मनुष्यास ‘रोज चालत जा’ असे सांगणे ही आता नुसती वडीलधारी शिकवण राहिलेली नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयरोग कमी आढळतो, हे जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच निदर्शनास आणले. त्यामागील कारणांचाही पुढे उलगडा झाला. काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या साहाय्यावाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात; नियमित व्यायामाने इन्सुलिनची परिणामकारकता वाढते व रक्तदाबही उतरतो. मात्र हा लाभ साठवून ठेवता येत नाही. व्यायाम सुटला की तो काही दिवसांतच ओसरू लागतो.

मधुमेहाच्या उंबरठ्यावरील प्रौढांची अमेरिकेतील पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यास १५० मिनिटांचा व्यायाम, आहारनियमन व वजनातील घट यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय पाहणीत दोन्ही उपायांचे यश जवळजवळ सारखे ठरले.

मग हा उपाय मागे का पडतो? औषधाला किंमत असते, म्हणून त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होते. चालणे फुकट समजले जाते, म्हणून त्याचा विचारच होत नाही. वस्तुतः चालण्यास वेळ लागतो आणि जागा लागते. लोकलच्या गर्दीत रोजचे तीन तास घालवणारा कारकून किंवा शाळा सांभाळून घर चालविणारी शिक्षिका यांच्यापाशी पहिल्याची वानवा असते. दुसरीची वानवा तर सर्वांनाच आहे. पदपथ वाहनांनी अडविलेले असतात आणि शाळा सुटताच मैदानाला कुलूप लागते.

व्यायाम ही ज्याची त्याची जबाबदारी आहे, हे म्हणणे खोटे नाही. परंतु ती पार पाडण्याची सोय एकट्याला उभारता येत नाही. रस्ते व पाणी यांप्रमाणे ती सार्वजनिकच असावी लागते. नगरपालिकांनी पदपथ मोकळे करावेत आणि शाळांची मैदाने सकाळ-संध्याकाळ खुली ठेवावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी रक्तदाब व साखर तपासताना व्यायामाचे प्रमाणही ठरवून द्यावे. छातीत दुखणाऱ्यास आधी वैद्यकीय तपासणी आवश्यकच आहे. या सर्वांस दिवे, राखणदार व देखभाल यांचा खर्च येईल, हे खरे. तो टाळला तर खर्च वाचत नाही. पुढे तोच रुग्णालयाच्या बिलात, बहुधा कुटुंबाच्याच खिशातून, चुकता करावा लागतो.