डब्यात अडकलेली फायनल

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं आता असं झालंय की आपण टीव्ही बघतो मोबाइलवर आणि टीव्हीचा रिचार्ज मारतो गावच्या घरी. महिन्याच्या सुरुवातीला आई-बाबांच्या डिशचे पैसे भरायचे, मधेच फोन आला तर 'अगं आई, बॉक्सचा स्विच बंद करून परत चालू कर' एवढा एक्स्पर्ट सल्ला द्यायचा आणि मीटिंगला पळायचं. टेन्शन खल्लास! पण एक दिवस तो डबा खरंच शेवटच्या घटका मोजायला लागतो. आणि तो साधा डबा नसून रेकॉर्डरवाला असेल, तर बॉस, मामला वाटतो तेवढा सोपा नाही.

आठवतोय ना तो जमाना? आपल्याकडे डीटीएच आलं २००३ साली, डिश टीव्हीच्या तबकडीवरून. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनचं फुकटवालं डीडी डायरेक्ट प्लस आलं, २००६ मध्ये टाटा स्काय. आणि मग ऑक्टोबर २००८ मध्ये टाटा स्काय प्लस. चालू टीव्ही पॉज करा, मागे न्या, एक चॅनल बघता बघता दुसरं रेकॉर्ड करा! आमिर खान जाहिरातीत हे सगळं करून दाखवायचा आणि घरोघरी लोक हरखून जायचे. पुढच्या दोन-तीन वर्षांत बाकीच्या कंपन्यांनीही आपापले रेकॉर्डर काढले. ज्यांनी गणपतीच्या रात्री भाड्याचा व्हीसीआर आणून ओळीने तीन पिक्चर बघितले होते, त्या पिढीला तर ही जादूच वाटली. ना कॅसेट, ना बुरशी. (कोकणातल्या पावसाळ्यात व्हीएचएसच्या टेपवर जी पांढरी बुरशी चढते, ती ज्याने कापसाने पुसली आहे त्यालाच याचं मोल कळेल.)

शहरात या रेकॉर्डरचं फार कौतुक झालं, पण त्याचा खरा उपयोग झाला तो शिफ्टवाल्यांना. आमचं घर लोधिवलीला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौकच्या जवळ, खालापूर तालुका. इथून पाताळगंगा-रसायनीचा सगळा कारखान्यांचा पट्टा हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आमच्याकडे घड्याळात सकाळ-दुपार-रात्र नसते, फर्स्ट, सेकंड आणि नाइट असते. सेकंड शिफ्टवाल्या माणसाने आयुष्यात कधी प्राइम टाइम बघितलेला नसतो. मालिका, मॅच, बातम्या सगळं त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या तोंडून कळतं. बाबांनी २०११ च्या फेब्रुवारीत वर्ल्ड कपच्या तोंडावर रेकॉर्डर घेतला तो या एकाच कारणासाठी. घरात सगळ्यांनी खर्चावरून तोंडं वाकडी केली होती, पण ते ठाम होते.

आणि २ एप्रिल २०११, फायनलच्या दिवशी, त्यांची सेकंड शिफ्ट! वानखेडेवर श्रीलंकेने २७४ केल्या, सेहवाग-सचिन लवकर गेले, मग गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१. बाबांनी निघताना रेकॉर्डिंग लावलं होतं. पण हे डबे गाइडमध्ये जी वेळ दिलेली असते तिच्या हिशोबाने चालतात. मॅच लांबली, गाइडमधली वेळ संपली आणि डब्याने इमानेइतबारे रेकॉर्डिंग थांबवलं. तो सिक्सर त्यात नाहीच! बाबांना इंडिया जिंकल्याचं कळलं ते प्लांटच्या बाहेर फटाके वाजले तेव्हा. तरीही त्यांनी ते रेकॉर्डिंग पुसलं नाही. पुढे दहा वर्षं ते त्यावर 'डिलीट करू नये'चं चिन्ह लावून बसले होते. आई जागा करण्यासाठी स्वतःच्या मालिका पुसायची, बाबांच्या यादीला कधी हात लावायची नाही. त्या यादीत फायनल होती, २०१३ च्या नोव्हेंबरमधली सचिनची शेवटची टेस्ट होती, सह्याद्रीवरची दोन कीर्तनं होती. बाबा २०२१ मध्ये गेले. यादी आहे तशीच आहे.

तर हा डबा गेल्या महिन्यापासून खरखरायला लागला. चित्र थांबतं, पुढे सरकतं, मधेच स्वतःच बंद होऊन चालू होतो. यात आश्चर्य काहीच नाही. रेकॉर्डरच्या पोटात कॉम्प्युटरमध्ये असते तशीच हार्डडिस्क असते. तुम्ही चालू टीव्ही कधीही पॉज करू शकता, कारण तो डबा तुम्ही सांगा न सांगा, सतत रेकॉर्ड करतच असतो. म्हणजे आपण झोपलेले असतो तेव्हाही बऱ्याच डब्यांत ती डिस्क गरगरत असते. वर टीव्हीखालच्या बंद कपाटात, हवा नसलेल्या जागी, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फ्लॉवरपॉट. इतकी वर्षं टिकला हेच नवल.

आता मुद्द्याचं. अशा वेळी आपल्यातला इंजिनीअर जागा होतो. 'त्यात काय, डिस्क काढू, लॅपटॉपला लावू, फाइल्स कॉपी करू.' नाही होत! रेकॉर्डिंग डिस्कवर कुलूपबंद स्वरूपात असतं आणि त्याची किल्ली त्याच डब्यात आणि त्याच्या कार्डात असते. लॅपटॉपला डिस्क लावली तर बहुतेक वेळा ती ओळखूच येत नाही आणि कॉम्प्युटर अदबीने विचारतो, 'फॉरमॅट करू का?' त्या प्रश्नाला चुकूनही हो म्हणू नका. त्याच कंपनीच्या दुसऱ्या डब्यात ती डिस्क टाकूनही उपयोग नाही. कस्टमर केअरला विचारलंत तर ते गोड आवाजात सांगतात की नवा डबा मिळेल, जुनं रेकॉर्डिंग मिळणार नाही. आणि ते खरं बोलत असतात.

दुसरी मेख अशी की अनेक डब्यांमध्ये रिचार्ज संपला की साठवलेलं रेकॉर्डिंगही उघडत नाही. म्हणजे आधी कनेक्शन बंद करून मग 'निवांत बघू' असं ठरवलंत तर गेलंच. जे काही करायचं ते जुना डबा चालू असताना, त्याचा रिचार्ज जिवंत असताना.

करण्यासारखं एक आहे, जुन्या पद्धतीचं. डब्याच्या मागे पिवळी-लाल-पांढरी अशी तीन भोकं असतात ना, ती टीव्हीला जोडायच्या ऐवजी यूएसबी कॅप्चरच्या छोट्या यंत्रातून लॅपटॉपला जोडायची. हे यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं. मग डब्यावर रेकॉर्डिंग प्ले करायचं आणि लॅपटॉपवर ते परत रेकॉर्ड करायचं. एचडीएमआयच्या वाटेला जाऊ नका, तिथे कॉपी होऊ नये म्हणून वेगळं कुलूप असतं. यात शॉर्टकट नाही. आठ तासांची मॅच म्हणजे आठ तास बसणं. चित्राचा दर्जाही थोडा उतरतो. आणि हे सगळं घरातल्या घरात बघण्यापुरतं, कुठे अपलोड करायला नाही, कारण मॅच बाबांची असली तरी हक्क त्यांचे नव्हते.

'पण ती फायनल तर नेटवर आहे की!' असं मीही आईला सांगून बघितलं. धोनीच्या सिक्सरसकट, चकाचक क्लिअर. आई म्हणाली, "ती तुमची. ही ह्यांनी लावलेली." यावर काय बोलणार? आणि खरं सांगू, तिचं बरोबर आहे. नेटवरच्या मॅचमध्ये २०११ च्या जाहिराती नसतात, खालून सरकणाऱ्या पट्ट्या नसतात आणि ऐन मोक्याला अर्धवट तुटणारा शेवटही नसतो.

म्हणून आम्ही यादीतून निवड केली. फायनल पूर्ण, दोन्ही कीर्तनं, आणि सचिनच्या टेस्टमधलं फक्त शेवटचं भाषण. एका वीकेंडला एवढंच होतं. तुमच्याकडेही हेच करा. सगळं वाचवायला जाल तर डिस्क अर्ध्यात दगा देईल. जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही ते सगळ्यात आधी घ्या.

आता नवीन काय आणायचं? इथे आपली आणि आई-वडिलांची पिढी हमखास भांडते. आपल्याला वाटतं, डिशच कशाला, फायबर घ्या, स्मार्ट टीव्ही लावा, ॲप्स टाका, झालं. आकडेही आपल्या बाजूने आहेत. ट्रायच्या हिशोबात २०२० च्या शेवटी देशात डीटीएचचे चालू ग्राहक ७ कोटींच्या वर होते, २०२५ मध्ये ते ६ कोटींच्या खाली आले. मालिकेचा चुकलेला भाग बघायला आता रेकॉर्डर लागत नाही हेही खरं. पण खालापूरच्या पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली की दुरुस्तीला कधी माणूस येईल याचा भरवसा नसतो. आणि ॲपवर आज असलेली गोष्ट उद्या असेलच असं नाही, हक्क संपले की ती गुपचूप गायब. शिवाय आईला चॅनलचे नंबर पाठ आहेत. ती नंबर दाबते आणि मालिका लागते. तिला आवाजाने सर्च करायला लावणं हा मला तरी छळ वाटतो.

माझं मत विचाराल तर मोठ्यांच्या घरी तबकडी राहू दे. साधा एचडी डबा घ्या किंवा डिश आणि इंटरनेट दोन्ही चालणारा अँड्रॉइडवाला, पण रिमोटवर १ ते ९ आकडे आहेत का ते आधी बघा. बऱ्याच नवीन रिमोटवर ते नसतात! हार्डडिस्कवाला रेकॉर्डर हवाच असेल तर अजून मिळतोय का आणि त्याचा वेगळा मासिक आकार आहे का, दोन्ही विचारा. आणि ज्यांना सह्याद्रीपुरतंच रेकॉर्डिंग हवंय त्यांच्यासाठी एक भन्नाट स्वस्त पर्याय आहे. डीडी डायरेक्ट प्लसचं २०१४ मध्ये डीडी फ्री डिश झालं, त्याला महिन्याचे पैसे नाहीत आणि बाजारात मिळणाऱ्या त्याच्या कित्येक डब्यांना पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येतं. चॅनल कुलूपबंद नसल्यामुळे बऱ्याचदा ती फाइल लॅपटॉपवरही चालते. फक्त त्याची तबकडी वेगळ्या उपग्रहाकडे रोखलेली असते, हे लक्षात ठेवा.

तबकडीवरून आठवलं. डबा बदलायला माणूस येतोच आहे तर त्याला गच्चीवरही चढवा. वरचे उपग्रह बदलत असतात. जून २०२२ मध्ये तर जीसॅट-२४ हा अख्खा उपग्रह टाटा प्लेसाठी वर गेला. (टाटा स्कायचं त्याच वर्षी जानेवारीत बारसं झालं होतं.) खाली आपली तबकडी मात्र पंधरा वर्षं गंज खात तशीच. आपल्या भागातून या कंपन्यांचे उपग्रह साधारण आग्नेयेला, ४५ ते ६५ अंश वर दिसतात. इतक्या वर, की डोंगर आड येत नाहीत. आमच्याकडे तर इर्शाळगड तबकडीच्या मागच्या अंगालाच आहे. आड येतात ती झाडं. तबकडीपासून दहा फुटांवरचा आंबा तिच्यापेक्षा पंधरा-वीस फूट उंच झाला की सिग्नल खाऊ लागतो. २०११ मध्ये आमचा आंबा कमरेएवढा होता. आता पडवीवरची ती तबकडी त्याच्या सावलीत आहे. आंबा तोडायचा नाही हे घरात बिनविरोध ठरलं, तबकडी गच्चीवर गेली.

मुसळधार पावसात चित्र जातं ते मात्र नवीन डब्यानेही थांबणार नाही. या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, त्याला इलाज नाही. कोणी 'नवा घ्या, पावसातही चालेल' म्हणालं तर हसून सोडून द्या.

जुन्या रेकॉर्डरला तबकडीपासून दोन वायरी येतात, एक बघायला आणि एक रेकॉर्ड करायला. नवीन डब्याला बहुतेक वेळा एकच लागते. दुसरी कापू देऊ नका, उद्या आतल्या खोलीत टीव्ही घ्यायचा झाला तर कामाला येईल. आणि जुना डबा कंपनीचा आहे की तुम्ही विकत घेतलेला, हे पावतीवर बघा. कंपनीचा असेल तर परत करताना पोच घ्या. तुमचा असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवीन नियम लागू आहेत, असा माल अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवा.

आमच्याकडे खोपोलीहून जो पोरगा आला होता, त्याने काम संपवून विचारलं, "काकू, जुना नेऊ का?" आईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "जुना रिमोट ने हवं तर."