ताईंचा सल्ला : लेकीला अँटेनाचं वेड

पारनेर तालुक्यातील एक भगिनी लिहितात, "थोरली इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला अँटेनाचंच काम करायचंय. हे म्हणतात, पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी धर, नाहीतर स्थळं बघतो. मुलीच्या जातीनं टॉवरवर चढायचं का?"

भगिनी, आधी अळकुटी-बेल्ह्यावरून नारायणगावला जा नि तिथून खोडदला. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून १९९० च्या दशकात तिथं रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, बारीक तारेच्या जाळीच्या! २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिथं प्रदर्शन भरत आलंय. यजमानांनाही न्याच.

चढण्यापेक्षा या कामात टेबलाशी बसणंच जास्त. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण, की विजेच्या तारांवरची ठिणगीसुद्धा त्यांना झाकून टाकते. ते टिपणारे ॲम्प्लिफायर बनवायचे, तपासायचे, गोंगाट कुठून येतो ते हुडकायचं. त्यापायी कधी बांधाबांधानं हिंडावं लागतं. तुमच्या लेकीला त्याचं काय नवल?

मात्र अशा जागा थोड्या, हे तिला स्पष्ट सांगा. विद्युतचुंबकत्वाचा विषय पक्का हवा, सोल्डरिंगला हात बसलेला हवा, 'गेट' परीक्षेची तयारी हवी. खोडदला नाही जमलं तरी हेच शिक्षण मोबाइल, रडार, उपग्रहांच्या कामी येतं.

स्थळांचं म्हणाल, तर यजमानांकडून दोन वर्षं मागून घ्या. मात्र हे बोलणं लेकीला समोर बसवूनच करा.