ट्रॅक्टरवाल्याची मोटार

जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, भडक रंगाची आणि वळूसारखी डुरकणारी लाम्बोर्गिनी मोटार तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. तिच्या बिल्ल्यावर शिंगे रोखलेला वळू असतो. किंमत ऐकली की वाटते, हे श्रीमंतांचे खेळणे, आपला काय संबंध? संबंध आहे. ही मोटार काढणारा माणूस शेतकऱ्याचा मुलगा होता, आणि मोटारीच्या आधी त्याने ट्रॅक्टर केले.

फेरुचिओ लाम्बोर्गिनी यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी इटलीतील सेंतोजवळच्या रेनात्सो गावी झाला. आईवडील शेती करीत, पण पोराचे लक्ष नांगरापेक्षा यंत्रात जास्त. दुसऱ्या महायुद्धात ते रोड्स बेटावर लष्कराच्या गाड्या दुरुस्त करीत होते. सुटे भाग मिळत नसत, तेव्हा आहे त्यातून गाडी चालू करायची, हेच त्यांचे शिक्षण झाले.

१९४६ मध्ये ते घरी परतले. शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवा होता, पण परवडत नव्हता; उलट युद्धातल्या लष्करी गाड्या जागोजाग भंगारात पडल्या होत्या. लाम्बोर्गिनींनी त्यांचेच भाग जोडून 'कारिओका' हा ट्रॅक्टर तयार केला. इंजिन मॉरिस कंपनीचे आणि पेट्रोलचे. पेट्रोल तर महाग! म्हणून त्यांनी अशी जोडणी केली की इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे आणि तापले की स्वस्त डिझेलवर चालवायचे. १९४८ मध्ये त्यांनी ट्रॅक्टरचा कारखानाच काढला.

पैसा आला, तशी फेरारी मोटारही आली. पुढची हकिकत ते स्वतः सांगत. त्या मोटारीचा क्लच वारंवार बिघडे. खोलून पाहिला, तर आपल्या ट्रॅक्टरला लागतो तसलाच! ही तक्रार घेऊन ते एन्झो फेरारींकडे गेले. ट्रॅक्टरवाल्याला मोटारीतले काय कळते, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ते त्यांना फार लागले. १९६३ मध्ये त्यांनी सांतागाता बोलोन्येझे येथे मोटारींचा कारखाना उभा केला. १९६६ च्या प्रसिद्ध मोटारीला नाव दिले 'मिउरा'. स्पेनमध्ये झुंजीचे वळू पाळणारे हे नामांकित घराणे. लाम्बोर्गिनींची जन्मरासही वृषभच.

पण दिवस सारखे राहत नाहीत. १९७१ मध्ये बोलिव्हियात सत्ता उलथली आणि नव्या सरकारने ट्रॅक्टरची मोठी मागणी रद्द केली. माल तयार, गिऱ्हाईक नाही! पिकाचा भाव ऐनवेळी पडला की काय होते, हे आपल्याला सांगायला नको. ट्रॅक्टरचा कारखाना 'सामे' या इटालियन कंपनीकडे गेला. मोटार कंपनीतला निम्म्याहून अधिक हिस्सा १९७२ मध्ये आणि उरलेला १९७४ मध्ये विकला गेला.

मग लाम्बोर्गिनी कुठे गेले? शेतावर. उंब्रिया प्रांतात त्रासिमेनो तळ्याकाठी त्यांनी जमीन घेतली, द्राक्षे लावली आणि स्वतःची वाइन काढली. २० फेब्रुवारी १९९३ रोजी ते वारले. मोटार आज जर्मन मालकीची आहे. पण त्यांच्या नावाचे ट्रॅक्टर अजूनही निघतात.

तेव्हा घरातला मुलगा बिघडलेला पंप खोलून बसला, तर लगेच रागावू नका. आधी त्याला पान्हे आणून द्या.