बामणघळीचा फवारा

बालदोस्तांनो, गुहागर तालुक्यातलं हेदवी तुम्हांला दशभुज गणपतीमुळे ठाऊक असेल. दर्शन झालं की लोक समुद्राकडे वळतात, उमामहेश्वराच्या देवळाजवळच्या काळ्या कातळाकडे. तिथे कातळात एक लांबट, अरुंद चीर आहे. हीच बामणघळ! भरतीची लाट चिरेत घुसते, पुढे वाट बंद, मागून दुसरी लाट रेटतेय. मग पाणी जाणार कुठे? सरळ वर! धडाम् आवाज होतो अन् पांढराशुभ्र फवारा माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच उडतो.

घळ खोदली कुणी? लाटांनीच. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा निवताना खडकाला भेगा पडतात. लाट भेगेतली हवा दाबते, मागे सरली की दाब एकदम सुटतो. हे रात्रंदिवस चालतं आणि भेगेची घळ होते.

स्कॉटलंडमध्ये अशीच एक भेग, पण खूपच मोठी, बर्फाने कोरली. हिमयुगातल्या हिमनद्या तिथल्या कमकुवत खडकावरून सरकल्या, खडक खरवडला गेला. बर्फ वितळला आणि ३७ किलोमीटर लांबीचं, सुमारे २३० मीटर खोल तळं उरलं. नाव लॉक नेस. (हो, त्या राक्षसाच्या गोष्टीतलंच! राक्षस काही सापडलेला नाही.) तिथे पाणबुडे काठावरूनच पाण्यात उतरतात. पाणी कोऱ्या चहासारखं, थोडं खाली गेलं की टॉर्च हवाच. तळाशी उन्हाळ्यातही पाच-सहा अंश. आणखी एक गंमत. एक लिटर समुद्राचं पाणी सुमारे १०२५ ग्रॅम, गोडं १०००. खारं पाणी आपल्याला जास्त उचलून धरतं, म्हणून तळ्यात उतरताना पाणबुडे कमरेची शिशाची वजनं कमी करतात. समुद्रात पोहणाऱ्यांनो, विहिरीत अंग जड का वाटतं ते कळलं ना?

बामणघळीत मात्र कुणीही उतरायचं नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यानेसुद्धा! काठही शेवाळाने निसरडा असतो. फोटोसाठी कडेवर जाणारी मोठी माणसं दिसली की मला राग येतो. पालकांनो, कोरड्या कातळावरूनच बघा. ओला कातळ म्हणजे लाट इथवर येऊन गेलीय.

भरती कधी? कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ अंदाजे सहाला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा आणखी लांब उभं राहायचं. आता कालनिर्णय काढा, आजची तिथी बघा आणि सांगा, आज हेदवीला फवारा किती वाजता उडेल?