दुसरे पोटकलम

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाशी आपल्या सरकारी रुग्णालयाचा संबंध साधारण तीन कागदांपुरता असतो : केसपेपर, पोलिसांनी घेतलेला जबाब आणि डिस्चार्ज कार्ड. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, जेवण सुरू झाले की खाट रिकामी करायची. कार्डावर टाके काढायची तारीख असते, रक्ततपासणीची असते. ज्या कारणाने हा माणूस इथवर आला त्याची पुढची तारीख मात्र बहुधा नसते. ‘मनोविकार ओपीडीत दाखवा’ एवढी ओळ कुणी लिहिली असेल, तर ते रुग्णालय चांगलेच म्हणायचे.

कायदा मात्र याहून बराच पुढे गेला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ला दोन पोटकलमे आहेत. पहिले सांगते की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला चालवू नये. इथपर्यंत यायला आपल्याला बत्तीस वर्षे लागली. एका पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६मध्येच आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंडविधानाचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तोच कौल दिला आणि १९९६ साली घटनापीठाने तो फिरवला. अखेर जुलै २०२४मध्ये भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलम गेले. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला.

दुसरे पोटकलम फारसे कुणी वाचत नाही. अशा व्यक्तीची काळजी घेणे, तिच्यावर उपचार करणे, तिचे पुनर्वसन करणे आणि असा प्रयत्न पुन्हा होण्याचा धोका कमी करणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे ते बजावते. पहिले पोटकलम पाळायला सोपे आहे, कारण त्यात काही करायचे नसते. दुसऱ्यात करावे लागते. घोडे तिथेच पेंड खाते.

आणि महाराष्ट्राला याची गरज इतर कोणत्याही राज्याहून अधिक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. प्रयत्न करून वाचलेल्यांची संख्या याच्या कितीतरी पट असते, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे सांगते आहे. आधी झालेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत ठळक इशारा असतो, आणि रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात, हेही आता सर्वमान्य आहे. आपण नेमके त्याच आठवड्यांत हात काढून घेतो.

त्या आठवड्यांत घरी काय चालते? माणसाला एकटे सोडत नाहीत. न्हाणीघराची कडी काढून ठेवतात, मोबाइल चाळतात, रात्री दोनदा उठून श्वास चालू आहे ना ते पाहतात. मात्र त्या विषयावर अवाक्षर निघत नाही. पाहुण्यांना ‘पोटाचा त्रास होता’ असे सांगितले जाते. कधी आई न राहवून विचारते, ‘अरे, आमचा तरी विचार करायचास!’ याला उत्तर नसते. ‘पुन्हा तसे विचार येतात’ असे म्हणावे तर घर हादरणार, न म्हणावे तर आतल्या आत कुढायचे. ज्याला आधीच ‘मी सगळ्यांना जड झालोय’ असे वाटत होते, त्याच्यावर आता अख्ख्या घराच्या जागरणाचे ओझे पडते.

गटोपचाराचे महत्त्व इथे आहे. आठ-दहा माणसे, सगळी याच वाटेने गेलेली, आठवड्यातून एकदा दीड तास एकत्र बसतात. सोबत प्रशिक्षित समुपदेशक असतो. ‘काल रात्री परत तेच मनात आले’ हे वाक्य इथे कुणालाही हादरवत नाही. समोरचा विचारतो, ‘मग काय केलंस?’ या प्रश्नातून कामाच्या गोष्टी निघतात : रात्री कुणाला फोन करायचा, घरातल्या कोणत्या वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या, ऑफिसात पहिल्या दिवशी काय सांगायचे, नवऱ्याने ‘नाटकं करते’ म्हटल्यावर काय करायचे. सहा महिने पुढे गेलेला माणूस डोळ्यांसमोर बसलेला असतो, हा पुरावा कोणत्याही डॉक्टरच्या दिलाशापेक्षा वजनदार असतो.

त्याहून मोठी गोष्ट पुढे घडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांच्या मांडणीनुसार, आपण कुणाचेच नाही आणि सर्वांवर भार आहोत या दोन भावना एकत्र आल्या की जगण्याची इच्छा सुटू लागते. औषधाने नैराश्य कमी होते, झोप येते आणि ते घ्यायलाच हवे. पण ‘मी कुणाच्या उपयोगाचा नाही’ या समजुतीला गोळी नाही. गटात एखाद्याच्या बोलण्याने दुसऱ्याचा आठवडा निभावतो तेव्हा ती समजूत आपोआप खोटी पडते. तो आला नाही तर चौकशी होते. ‘चार लोक काय म्हणतील’ या धाकात वाढलेल्या माणसाला वेगळे चार लोक मिळतात.

हे स्वप्नरंजन नाही. टोरोंटोच्या सेंट मायकेल्स रुग्णालयात वारंवार प्रयत्न केलेल्यांसाठी वीस आठवड्यांचा गट उभा राहिला. लॉस एंजेलिसच्या दिदी हर्श संस्थेचा गट आठ आठवड्यांचा आहे. तो एक तज्ज्ञ आणि स्वतः या अनुभवातून गेलेली एक व्यक्ती मिळून चालवतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या उपचारपद्धतीत कौशल्यगट हा अविभाज्य भाग आहे, आणि अशा प्रसंगातून आपणही गेलो होतो हे त्यांनी २०११मध्ये जाहीरपणे सांगितले. नुसता संपर्क ठेवण्याने काय साधते, याचा पुरावा तर आपल्याच देशातल्या चेन्नईचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी १,८६७ रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले; निम्म्यांशी घरी जाण्यापूर्वी तासभर बोलणे झाले आणि मग अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या गटात १८ जणांनी आत्महत्या केली, दुसऱ्यात दोघांनी. हा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला.

आक्षेप ठरलेले आहेत. असे लोक एकत्र आणले तर एकमेकांना नको ते शिकवतील, ही भीती पहिली. म्हणूनच मार्ग आणि साधने यांची चर्चा गटात वर्ज्य असते, आणि प्रत्येकाची तयारी आधी स्वतंत्रपणे पाहिली जाते. ज्याचा धोका आज, आत्ता आहे त्याची जागा गटात नसून तज्ज्ञासमोर आहे. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहेच. दुसरा आक्षेप गोपनीयतेचा, आणि तो खरा आहे. तालुक्याच्या गावी कोण कुणाकडे जातो ते तासाभरात कळते. तेव्हा गट जिल्ह्याच्या ठिकाणी हवा, खोलीवर पाटी नको, आणि बायकांचा गट वेगळा हवा. सोबत आलेली सासू बाहेरच्या बाकावर बसेल अशी व्यवस्था करूनच. तिसरा आक्षेप असा की कर्ज, मारहाण, बेकारी यांवर गट काय करणार? गट कर्ज फेडत नाही, हे कबूलच आहे. मात्र कर्जापायी मरणाच्या दारी गेलेला माणूस सावकारासमोर किंवा बँकेत एकटा जाणार की कुणाला बरोबर घेऊन, हा फरक गटाने पडतो.

महाराष्ट्राला गट नवा नाही. दारू सुटलेल्यांच्या सभा इथे मराठीत वर्षानुवर्षे भरतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे १९८६पासूनचे काम अशाच एकमेकांच्या आधारावर उभे आहे. क्षयाच्या रुग्णाने गोळी चुकवली तर आशाताई दारात उभी राहते. ही यंत्रणा आपणच बसवली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांची पदे मंजूर असतात. जिथे ती भरलेली आहेत तिथे गट उद्या सुरू होऊ शकतो; जिथे रिकामी आहेत तिथे ती का रिकामी आहेत, हे आमदारांनी विचारावे. केंद्राच्या नोव्हेंबर २०२२च्या आत्महत्या प्रतिबंधक धोरणात प्रत्येक जिल्ह्यात आत्महत्या प्रतिबंधाची सेवा देणारी मनोविकार ओपीडी पाच वर्षांत उभी करण्याचे ठरले आहे. ती मुदत २०२७मध्ये संपते.

लागते काय? आठवड्यातली एक दुपार, एक खोली, येणाऱ्यांचे एसटीचे भाडे आणि डिस्चार्ज कार्डावर एक छापील रकाना : ‘गटाची पुढची तारीख’. त्यासोबत प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाने वर्षाअखेर तीन आकडे जाहीर करावेत. असे किती रुग्ण वाचवले, त्यांतल्या किती जणांना तारीख दिली आणि किती जण आले. पहिला आकडा मोठा असेल आणि तो अभिमानाने सांगितला जाईल. दुसरे पोटकलम पाळले की नाही, ते उरलेल्या दोन आकड्यांवरून कळेल.