तिसरं ताट



‘दिवेलागण झाली. आईनं तीन ताटं मांडली. दाराकडे एकदा पाहिलं, आणि तिसरं ताट उचलून पुन्हा फळीवर ठेवलं.’

एवढाच उतारा समजा. परीक्षेच्या कृतिपत्रिकेतली पहिली कृती : आईनं किती ताटं मांडली? उतारा न समजलेलं मूलही ‘तीन’ हा शब्द हुडकून चौकटीत लिहितं. शेवटची कृती स्वमताची : आईविषयी तुमचे विचार लिहा. याचं उत्तर मुलं घरूनच पाठ करून आलेली असतात. दोन्हींत गुण मिळतात, पण उतारा वाचला कुणी?

मधला प्रश्न राहूनच जातो : तिसरं ताट कुणाचं असावं? कशावरून?

या मधल्या पायरीचं मोल बेंगळुरूनं दाखवून दिलं आहे. एन. एस. प्रभू आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या काही शाळांमध्ये केलेला प्रयोग ‘बेंगळुरू प्रकल्प’ म्हणून जगभर ओळखला जातो. विषय इंग्रजीचा होता, पण त्यातला धडा सगळ्याच भाषाशिक्षकांचा आहे. व्याकरणाचे नियम घोकून घेण्याऐवजी त्यांनी मुलांना नकाशे, वेळापत्रकं यांवर विचार करायला लावलं. 1987 च्या आपल्या पुस्तकात प्रभूंनी कृतींचे तीन प्रकार सांगितले : माहिती पोचवणं, तर्कानं निष्कर्ष काढणं आणि मत मांडणं. वर्गात सर्वांत फलदायी ठरला तो दुसरा प्रकार. माहिती देऊन झाली की बोलणं संपतं, मत मांडताना कच्चं मूल बावरतं. तर्काला मात्र उताऱ्याचा आधार असतो.

आपल्या कृतिपत्रिकेत पहिला आणि तिसरा प्रकार भरपूर आहे. दुसऱ्याची हेळसांड होते, कारण नमुना उत्तर एकच छापता येत नाही आणि तपासताना वेळ जातो. ही अडचण खरी आहे. म्हणून गुणदानाची साधी रीत सुचवतो : अर्धे गुण निष्कर्षाला, अर्धे पुराव्याला. ‘बाबांना उशीर झाला’ आणि ‘दादा शिकायला परगावी गेलाय, आईची सवय मोडली नाही’ ही दोन्ही उत्तरं बरोबर, मात्र मुलानं ‘दाराकडे पाहिलं’ या शब्दांवर बोट ठेवलं पाहिजे. ‘पाहुणे जेवून गेले’ म्हणणाऱ्याला विचारा, ‘कुठे दिसलं तुला?’ तो पुन्हा वाचेल. आकलन इथेच सुरू होतं.

प्रभूंचा आणखी एक ठोकताळा जवळ ठेवावा : निम्म्या वर्गाला निम्मी कृती जमली, तर ती योग्य अवघड. सगळ्यांना सगळं आलं, तर आपण विचार करायला काही दिलंच नाही.

येत्या परीक्षेत प्रत्येक उताऱ्यावर एक तरी ‘कशावरून?’ घाला. त्या प्रश्नापाशी थांबलेलं मूल पुढे कादंबरी वाचेल, करारनामाही वाचेल, आणि न लिहिलेलंही त्याला दिसेल.

— संपादक