बांधणीच्या यंत्राला जागा कोण देणार?

गुरुग्रामला आमच्याच मजल्यावर सांगलीकडचा एक तरुण अभियंता राहतो. त्याच्या अडगळीच्या खोलीत एक संगणक रात्रंदिवस चालू असतो. गेल्या मे महिन्यात वीज गेली. सोसायटीचा जनरेटर लागला खरा, परंतु त्याच्या वाट्याच्या मंजूर भारात घरातील वातानुकूलन आणि हे यंत्र दोन्ही मावेनात. "काका, सहा तासांची बांधणी वाया गेली," असे तो म्हणाला तेव्हा मला प्रथम घराच्या बांधणीचाच बोध झाला!

वाचकांपैकी पुष्कळांना हा प्रकार ठाऊक असेल. नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. मुक्त सॉफ्टवेअरची मूळ संहिता कुणालाही वाचता येते. आपण वापरतो ते मात्र त्या संहितेपासून यंत्राने बांधलेले तयार रूप, आणि ते वाचून काही कळत नाही. म्हणून संहिता कितीही स्वच्छ असली, तरी ती कोठे व कुणाच्या यंत्रावर बांधली हा प्रश्न उरतोच. २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीस आलेल्या एक्सझेड प्रकरणात घातक भाग जागा करणारा तुकडा खुल्या भांडारात नव्हताच; तो केवळ प्रकाशनाच्या गठ्ठ्यात होता आणि बांधणीच्या वेळी कामाला लागत असे. नुसत्या स्वतंत्र यंत्राने तो प्रकार टळला असता असे नव्हे. पण चोर कोणत्या दाराने येतो, हे त्यातून दिसले.

डेबियन प्रकल्पाने २०१९ मध्ये ठरविले की स्वयंसेवकाने आपल्या घरच्या संगणकावर बांधून पाठविलेले रूप पुढील आवृत्तीत घ्यायचे नाही. त्याने संहिता पाठवावी, बांधणी प्रकल्पाच्या यंत्रांवर होईल. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे चटकन पटते. स्वतःचे देयक स्वतःच तपासून मंजूर करता येत नाही, आणि कोषागाराच्या स्ट्राँगरूमला दोन कुलपे असून किल्ल्या दोघांकडे असतात, त्यांतलाच हा प्रकार.

पण ही यंत्रे राहतात कोठे? बहुधा कुणाच्या तरी मेहेरबानीवर. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाची ओपन सोर्स लॅब २००३ पासून अशा प्रकल्पांना आसरा देत आली आहे. २०२५ मध्ये अडीच लाख डॉलर न मिळाल्यास ती बंद करावी लागेल अशी वेळ आली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अँड्रॉइड फोनसाठी मुक्त ॲप पुरविणाऱ्या एफ-ड्रॉइडला कित्येक ॲपच्या नव्या आवृत्त्या बांधता येईनात. गूगलच्या साधनाला प्रोसेसरच्या ज्या सूचना लागत होत्या, त्या भांडाराच्या जुन्या यंत्रांत नव्हत्याच.

आपल्याकडे केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकची 'बॉस' प्रणाली तर डेबियनवरच आधारलेली. म्हणजे पाणी आपण भरतो. विहिरीचा गाळ काढायला मात्र कोणी नाही.

आता कबुली. दहा-बारा वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयाचा प्रमुख होतो, तेथे काही स्वयंसेवकांचा अर्ज आला होता. संगणक कक्षात दोन यंत्रांना जागा, वीज आणि जोडणी एवढीच मागणी. लेखा शाखेने विचारले, वीज कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायची? उद्या लेखापरीक्षणात परिच्छेद निघाला तर? मी टिपणी लिहिली : "विनंती स्तुत्य आहे, तथापि तरतूद नसल्याने अमान्य." त्या कक्षात कुणीही वापरत नसलेले चार संगणक निर्लेखनाची वाट पाहत बारा महिने चालूच होते, हेही मला ठाऊक होते.

शेजाऱ्याला मी हे सांगितले. वाटले, चिडेल. तो म्हणाला, "काका, तुम्ही हो म्हटलं असतं तरी तुमच्या खोलीवर विश्वास ठेवायचा नसतोच." त्याचे म्हणणे असे की एकाच संहितेची बांधणी दोन अनोळखी ठिकाणी करावी आणि निकाल अक्षरशः जुळतात का ते पाहावे, जुळले नाहीत तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण 'सरकारी खोली म्हणजे सरकारचा हात' या रास्त शंकेला उत्तर येथेच आहे. एक यंत्र हरियाणातील एखाद्या विद्यापीठात असावे, दुसरे नागपूरला वा पुण्याला, निराळ्या व्यवस्थापनाखाली. संस्थेने जागा, वीज व जोडणी द्यावी. स्वाक्षरीची किल्ली प्रकल्पाकडेच राहावी. खोलीत कोण, केव्हा गेले याची नोंदवही असावी, आणि यंत्र हलवायचे झाल्यास सहा महिन्यांची पूर्वसूचना. अर्ध्या पानाचा करार पुरेल. राजधानी क्षेत्रात डिझेल जनरेटरवरील निर्बंध २०२३ पासून कडक झाले आहेत. अडगळीच्या खोलीच्या भरवशावर हे काम फार काळ चालायचे नाही.

असो. कराराचा मसुदा मी लिहावयास घेतला आहे. परदेशी विद्यापीठांत काम करणाऱ्या वाचकांनी आपल्याकडे अशा यंत्रांच्या विजेचा खर्च कोणत्या नावाखाली दाखवितात ते जरूर कळवावे. आमच्या लेखा शाखेचा तो प्रश्न अजून अनुत्तरितच आहे.